मैत्रीचे दहा गुण

सातवीच्या बाईंनी वर्गात कादंबरी वाचायला घेतली आणि शाईच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

शाई हे काही तिचं नाव नव्हे. रंगावरून वर्गाने चौथीत ठेवलेलं, आणि ते तिला तेव्हापासून बोचत होतं. पण रोज उठून रडणार तरी किती? शेजारी ढापणी असली की दिवस निघून जायचा. ढापणीचा चष्मा जाड आणि तोंड फाटकं. तीन वर्षांत दोघींनी एकमेकींचा बाक सोडला नव्हता.

कादंबरीतली मुलगी काळी, एकटी आणि पानोपानी रडणारी. शेवटी अख्ख्या वर्गाला उपरती होते. पुस्तक मिटताना बाईंना गहिवरून आलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'माझी वेगळी मैत्रीण. अर्धं पान. दहा गुण.' मग त्यांची नजर शाईकडे वळली. पाठोपाठ अडतीस जणांची वळली.

मधल्या सुट्टीत तिच्या बाकापाशी रांग लागली.

"तू कधी कधी रडतेस?" पहिलीने पेन सरसावून विचारलं.

"नाही रडत."

"असं काय गं करतेस? मला अर्धं पान भरायचंय!"

"आरशात बघितलंस की काय वाटतं?" दुसऱ्याने विचारलं.

"भांग वाकडा पडलाय असं."

त्याने वहीत लिहिलं, 'आरसा बघून ती खिन्न होते.'

गर्दी बघून बाईंना धन्य वाटलं. त्यांनी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. दर तासाला शाईजवळ नवा मित्र. ढापणीला शेवटच्या बाकावर पाठवलं.

"मागून मला फळा दिसत नाही, बाई," ढापणी म्हणाली.

"तुझी झालीय ना मैत्री करून? आता इतरांना संधी दे. जरा मन मोठं करावं."

त्या आठवड्यात शाईला कुणी शाई म्हटलं नाही. सगळे 'बिचारी' म्हणायचे. जो तो स्वतःचं खोडरबर पुढे करायचा, अंगाला अंग लावून बसायचा आणि तास संपला की आपल्या हाताकडे हळूच बघून घ्यायचा. शाईला वाटायचं, याच्यापेक्षा चिडवलेलं परवडलं. ढापणी मागे फळ्याकडे डोळे बारीक करून बसलेली असायची. दोघींचं बोलणंच राहिलं.

गुरुवारी निबंधांचं वाचन झालं. एकाने शाईचं घर पडकं केलं. एकीने तिला चार दिवस उपाशी ठेवलं. पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाने तर तिची आईच मारली. आई तेव्हा पोस्टात बसून टपाल निवडत होती. बाई "शाब्बास!" म्हणत आठ, नऊ, साडेनऊ वाटत सुटल्या होत्या.

शेवटी ढापणीची पाळी आली. मागच्या चाचणीत ती गटांगळी खाऊन बसली होती, आणि तिच्या बाबांचा हात लगेच उठायचा. वही डोळ्यांशी धरून ती वाचू लागली.

"माझी मैत्रीण रोज अंघोळीला भांड्यांची घासणी घेते. कोपरं घासते. रक्त येतं. मग लांब बाह्यांचा सदरा घालते. हे फक्त मलाच माहीत आहे."

मग सगळे डोळे शाईच्या बाह्यांवर गेले.

"दहापैकी दहा!" बाईंना हुंदका आवरेना. "आता दोघी मिठी मारा बघू."

मिठीत शाई दात आवळून म्हणाली, "हे मी तुला सांगितलं होतं. तुला एकटीला."

"बाकी सगळं सगळ्यांनी लिहून टाकलं गं. मला काही उरलंच नव्हतं."

"बाळ," बाई जवळ आल्या, "बाही वर कर. लाजायचं नाही. आपण सगळे तुझेच आहोत."

शाईने दोन्ही बाह्या मुठीत धरल्या. बाईंनी मायेने तिचं मनगट धरलं.

"बाई, खोटं आहे ते!" ढापणी ओरडली. "मी मनानं रचलंय. गुणांसाठी."

बाईंचा हात सुटला. "एका बिचारीबद्दल असलं लिहिताना तुला काहीच कसं वाटलं नाही?"

"किती खोटारडी!" आई मारणारा मुलगा चुकचुकला.

बाईंनी दहातला एक खोडला. शून्य आयतंच उरलं. ढापणीला वर्गाबाहेर उभं केलं आणि उद्या बाबांना घेऊन यायला सांगितलं.

थोड्या वेळाने शाई पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आली. ढापणी भिंतीला टेकून चष्मा पुसत होती. शाई तिच्या शेजारी उभी राहिली, हातभर अंतर ठेवून.

"बाबांना काय सांगशील?"

"खोटं लिहिलं म्हणून."

"मारतील."

"हो."

आतून बाईंचा आवाज येत होता. खऱ्या मैत्रीत प्रामाणिकपणा किती महत्त्वाचा, ते त्या समजावून सांगत होत्या.

"माझा राग गेलेला नाही," शाई म्हणाली.

"माहितीये."

"उद्याही जाणार नाही."

"बरं."

शाई दाराकडे निघाली आणि थांबली.

"परवा बघू."