पाण्याला न घाबरणारी लेन्स

खरेदीत माझी चूक होत नाही. हे मी गर्वाने नाही, आकडेवारीने सांगते! औषधांच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढल्यावर माणूस भेंडीसुद्धा नमुने तपासून घेतो. त्यामुळे मिररलेस कॅमेऱ्यासाठी पावसापाण्याला दाद न देणारी स्टँडर्ड झूम लेन्स घ्यायचं ठरलं, तेव्हा मी आधी तक्ता केला. सात लेन्स, चौदा रकाने, प्रत्येक रकान्याला गुण.

"लग्न ठरवताना केला होतास असा तक्ता?" माझ्या नवऱ्याने, मयूरने विचारलं.

"नव्हता केला. म्हणूनच आता करतेय."

घाई होती ती नूपुरमुळे. नूपुर माझी नणंद. घोडपदेवच्या आमच्या चाळीचं महिला गोविंदा पथक आहे, त्यात सर्वांत वरच्या थरावर तीच चढते. गेल्या वर्षी लालबागला त्यांनी पाच थर लावले आणि नेमकी पहिल्याच बादलीत माझ्या जुन्या लेन्सला जलसमाधी मिळाली. फोटो नाही म्हटल्यावर पलीकडच्या गल्लीतलं पथक वर्षभर चिडवत राहिलं, "पाच? स्वप्नात लावले असतील!" यंदा सहा थर लावायचे होते. आणि पुरावा मी देणार होते!

फोर्टातल्या दुकानात हितेंद्रभाईंना मी दोन तास उभं केलं. २४-७० मिलिमीटरची लेन्स जास्त उजेड घेते, पण २४-१०५ लांबचं जवळ आणते. सहाव्या थरावरचा चेहरा हवा, म्हणजे १०५!

"रबरी सील किती ठिकाणी आहे?" मी विचारलं.

"मॅडम," ते घाम पुसत म्हणाले, "लोक मला फक्त डिस्काउंट विचारतात हो!"

घरी येऊन मी लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि दोन्ही शॉवरखाली धरली. चार मिनिटं, घड्याळ लावून. बाहेरून सासूबाई दार बडवत होत्या.

"अनुजा! अगो, एवढी महागाची वस्तू न्हाणीत कशाला नेलीस?"

"आई, हिला पाण्याने काही होत नाही!"

"काही होत नाही म्हणणाऱ्यालाच आधी सर्दी होते!"

कॅमेरा पुसून मी पहिला फोटो काढला तो कपाळाला हात लावलेल्या सासूबाईंचा. सुरकुत्या मोजता येत होत्या! आनंदाच्या भरात मी तो त्यांनाच दाखवला. प्रयोग यशस्वी झाला. संध्याकाळचा चहा मात्र मलाच करावा लागला.

दहीहंडीला लालबागमध्ये मी जागा हेरून उभी होते. अंतर मोजलेलं, कोन ठरलेला. वरून पाइपांनी पाणी, खाली ढोल. तेवढ्यात पथकाचे प्रशिक्षक वैभव धावत आले.

"वहिनी, दीपिकाचा पाय मुरगळला. बाहेरच्या घेऱ्यात एक जणी कमी पडतेय. चला!"

"अहो, पण माझे फोटो..."

"घेरा ढिला पडला, तर फोटो कशाचा काढणार?"

तर्क बिनतोड होता. आणि तर्कापुढे माझं काही चालत नाही. मी कॅमेरा सासूबाईंच्या गळ्यात अडकवला.

"आई, नूपुरवर रोखायचा आणि हे बटण दाबत राहायचं. बाकी सगळं तो करतो. पाण्याची काळजी अजिबात नको!"

"तू जा गो, मी बघते!"

घेऱ्यात माझे दोन्ही हात पुढच्या बाईच्या पाठीवर, मान खाली. मला दिसत होता ओला रस्ता आणि सात पायांचे अंगठे. भार वाढत होता तो तळहातांना कळत होता. "चार!... पाच!..." मग क्षणभर सगळं थांबलं. आणि "सहा!" अख्खं लालबाग दणाणलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चहूबाजूंनी पाणीच येत असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

थर सुखरूप उतरले. मी सासूबाईंकडे धावले.

"काढले?"

"दोनशे तरी काढले! बोट दुखलं माझं."

मग मी कॅमेरा बघितला. त्यावर हिंदमाताच्या साडीच्या दुकानातली जाड गुलाबी पिशवी होती. लेन्सच्या टोकापर्यंत, वर रबरबँड, मागे गाठ!

"आई, अहो यातून तुम्हाला दिसलं कसं?"

"मी कशाला त्यात बघू? मी माझ्या पोरीकडे बघत होते!"

आमच्या घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा आजतागायत प्लॅस्टिकमध्येच नांदतो.

एकूण दोनशे चौदा फोटो. सगळे गुलाबी. एकात मधोमध जरा गडद गुलाबी डाग आहे. "हीच मी!" नूपुर ओरडली आणि पथकाने तोच मोठा करून मंडळाच्या खोलीत लावला. पलीकडच्या गल्लीतल्या पोरी मुद्दाम बघायला आल्या.

"काकी, यात तर काहीच दिसत नाही!"

"सहाव्या थरावर एवढं धुकं असायचंच!" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी गेला नाहीत ना तिथवर!"

पोरी आल्या पावली परतल्या!

फोटोखाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'छायाचित्र: शांता परब'. लेन्स माझी होती, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते मी येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडी सांगते.