अकरा तासांच्या मुक्कामाचा सविस्तर शेरा

सदर हॉटेलवर आजवर तीन हजार एकशे सात प्रवाशांनी शेरे लिहिले आहेत. त्यांतले बहुतेक दोन-दोन शब्दांचे असून एक तर निव्वळ अंगठ्याचं चित्र आहे. शेरा असा लिहीत नाहीत. मी एकतीस वर्षं छाननी विभागात होतो. दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारणं हेच माझं काम होतं आणि माझ्या शेऱ्यानंतर एखाद्या अर्जाने पुन्हा डोकं वर काढल्याचं उदाहरण विभागाच्या दप्तरी नाही. एकदा जुळ्या भावांचे अर्ज आले. आडनाव तेच, पत्ता तोच, जन्मतारीख तीच. ‘दुबार नोंद, एक रद्द’ असा शेरा मारून मी धाकट्याला परत पाठवलं. साहेब पुढे ते प्रकरण नव्याने भरती झालेल्यांना नमुना म्हणून दाखवत. हे सांगायचं कारण एवढंच की, खालचा मजकूर जबाबदार माणसाने लिहिला आहे हे वाचणाऱ्यास कळावं.

प्रथम पार्श्वभूमी. मी व सौ. मुलीकडे निघालो होतो. थेट जाणारं विमान होतं. तरीही आम्ही मुद्दाम या शहरात अकरा तास थांबणारं घेतलं, कारण इथे माझी ताई राहते. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मला बोट धरून शाळेत तिने नेलं, माझं अक्षर तिने वळवून दिलं. ज्या अक्षरात मी जन्मभर शेरे मारले, ते मुळात तिचंच. आमची गाठ पडून नऊ वर्षं झाली होती. तिचे गुडघे आता तिला कुठे जाऊ देत नाहीत, डोळ्यांचं ऑपरेशन राहिलं आहे, आणि माझंही पुन्हा एवढ्या लांब येणं होईलसं वाटत नाही. थोडक्यात, ही भेट बहुधा शेवटची होती. हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही फोनवर हवापाण्याबद्दल बोलत होतो.

“हॉटेल कशाला रे? घर आहे ना माझं,” ताई म्हणाली.

“तुला उगाच त्रास.”

“मला कसला आलाय त्रास?”

“तीन जिने, लिफ्ट नाही, आमच्या बॅगा. शिवाय तू स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाहीस. हॉटेल असलं की निवांत बसून बोलता येईल.”

“बरं बाबा. तुला पटेल तसं कर. मी येईन तिथे.”

सौ. शेजारी बसून ऐकत होती. “ताईंना त्रास नको म्हणून ताईंना दोन बस बदलून यायला लावताय,” ती म्हणाली. सौ.ला छाननीचा अनुभव नाही.

त्यानंतर निवडीचं काम हाती घेतलं. ते चार महिने चाललं. शहरात चार हजारांवर हॉटेलं आहेत. मी सोळा रकान्यांचा तुलनात्मक तक्ता आखला आणि सगळे शेरे मुळातून वाचले. एका हॉटेलबद्दल सगळेच चांगलं लिहीत होते. संगनमताचा संशय आल्याने ते बाद केलं. दुसऱ्याबद्दल एकाने ‘उशी मऊ’ व एकाने ‘उशी दगडासारखी’ असं लिहिलं होतं. माहिती परस्परविसंगत असल्याने मी दोघांकडून लेखी खुलासा मागवला. दगडवाल्याने उत्तर दिलं नाही. मऊवाल्याने दिलं, पण ते इथे उतरवून घेण्यासारखं नाही. ताईच्या गल्लीच्या तोंडाशीच एक छोटं हॉटेल होतं. त्यावर एकुलता एक शेरा होता, ‘अगदी घरच्यासारखं वाटलं’. घरच्यासारखंच हवं असेल तर माणूस हॉटेलात कशाला जाईल? बाद.

सौ. जेवणाची ताटं मांडता मांडता मधूनच विचारी, “झालं का?” मी सांगे, “विचाराधीन आहे.”

शेवटी सदर हॉटेल सापडलं. त्याला सुरक्षेच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण होते. त्याखालचा शेरा मी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवला. ‘माझा सख्खा भाऊ मला भेटायला आला होता. त्याला दारातूनच परत पाठवलं. अप्रतिम सुरक्षा. पाच तारे.’ हा शेरा नऊशे तेरा जणांना उपयुक्त वाटला होता. नऊशे चौदावा मी.

“अहो, ह्याचा भाऊ परत गेला आणि हा तारे कसले देतोय?” सौ. म्हणाली.

“भाऊच होता, हे कशावरून?” मी विचारलं. सौ.ने डोक्याला हात लावला आणि मी खोली नोंदवली.

आता प्रत्यक्ष मुक्काम. विमान सकाळी आठला उतरलं, दहाला आम्ही हॉटेलात. लॉबी प्रशस्त आहे. समोरची भिंत जमिनीपासून छतापर्यंत सगळी काचेची. काउंटरवरच्या तरुणाने हसतमुखाने आमचं स्वागत केलं व खोली दोन वाजता मिळेल असं सांगितलं. आमचं विमान सातचं, म्हणजे साडेतीनला निघणं भाग. अकरा तासांपैकी खोली दीड तास वाट्याला येत होती. हे अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे व मी ते वाचलेलंही होतं. सौ.ला कळवायचं राहिलं होतं.

“आणि दोनपर्यंत काय करायचं?” तिने विचारलं.

“टोकन घ्यायचं. एकोणचाळीस नंबर आहे आपला. खुर्च्याही नंबराप्रमाणेच आहेत, बघ. टोकनधारकाने लॉबी सोडली की टोकन रद्द.” इतकी चोख व्यवस्था मी आमच्या विभागातसुद्धा पाहिली नव्हती.

अकराच्या सुमारास ताई आली. मी तिला चालण्यावरून ओळखलं. केस पांढरेशुभ्र, हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी आणि पिशवीत डबा. माणूस नऊ वर्षांत इतकं लहान होतं हे मला माहीत नव्हतं. पहारेकऱ्याने तिला दाराबाहेरच थांबवलं, तिचं ओळखपत्र घेतलं व ते काउंटरवर पाठवलं. तरुणाने मला बोलावून घेतलं.

“ह्या आपल्या कोण लागतात?”

“बहीण. सख्खी, थोरली.”

“मग नातेवाइकांचा फॉर्म भरावा लागेल. सोबत नात्याचा पुरावा.” त्याने ओळखपत्र निरखून पाहिलं. “आडनाव वेगळं दिसतंय.”

“लग्न झालंय तिचं.”

“लग्नाचा दाखला?”

“बावन्न वर्षांपूर्वीचा?”

“तारखेची अट नाही,” तो नम्रपणे म्हणाला.

खरं सांगतो, त्या उत्तराने माझा ऊर भरून आला. असा माणूस माझ्या हाताखाली असता तर विभागाचं सोनं झालं असतं. पण माझ्याकडे दाखला नव्हता आणि दाराबाहेर ताई एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत उभी होती. तरुणाने तिच्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“काका, एक सांगू? ‘परिचित’ लिहा. परिचितांना पुरावा लागत नाही. लॉबीत हवा तेवढा वेळ बसू देतो आम्ही त्यांना. नियम फक्त नातेवाइकांसाठी कडक आहेत. ते एकदा खोलीत शिरले की उठायचं नाव घेत नाहीत.”

त्याने फॉर्म पुढे केला, पेनही दिलं. रिकामी जागा जेमतेम बोटभर होती. चार अक्षरं लिहायची होती.

“खोटी नोंद करू?” मी म्हणालो.

“खोटी कुठेय? परिचित तर आहेतच ना त्या तुमच्या?”

“नाहीत. ती माझी परिचित नाही. ती माझी ताई आहे.”

“मग माझा नाइलाज आहे,” तो म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. त्या खात्यात तो फार वर जाईलसं वाटत नाही.

एव्हाना सौ. काउंटरपाशी आली होती. “आणा ते पेन इकडे. मी लिहिते काय लिहायचं ते.”

“अर्ज टोकनधारकानेच भरायचा असतो,” मी म्हणालो.

“मग या माझ्याबरोबर बाहेर. झाडाखाली बाक आहे तिथे, बसू तिघं.”

“अगं, टोकन रद्द होईल. परत मागच्या नंबरला जाऊ. मग खोली साडेतीनला मिळेल, आणि साडेतीनला तर आपल्याला निघायचंय.”

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं दोनदाच पाहिलं आहे. “बसा तुमच्या नंबरात,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

त्यापुढील तीन तासांबाबत माझी निरीक्षणं अशी. एकोणचाळीस नंबरच्या खुर्चीवरून बाक स्पष्ट दिसतो. ताईने सौ.चा चेहरा दोन्ही हातांत धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मग डबा उघडला गेला. मग दोघी हसल्या. कशाला हसल्या ते ऐकू आलं नाही, काच दुहेरी व उत्तम प्रतीची आहे. मग ताईने पदर नव्हे, सौ.चाच रुमाल घेऊन डोळे पुसले. मधून मधून ती हॉटेलकडे बघे. पण ही काच बाहेरून आरशासारखी असल्याने आत कोण कुठे बसलं आहे हे नीट कळत नाही. एकदा तिने काठी बाकाला टेकवून हात उंच केला आणि हलवला. तो माझ्याकडे नव्हता. बावन्न नंबरच्या खुर्चीत एक टाय बांधलेले गृहस्थ अगदी काचेला लागून बसले होते, हात त्यांच्याकडे होता. ते सभ्य असावेत. त्यांनीही हात हलवला. मी उभा राहिलो, पण दुसऱ्याच्या नंबरापुढे जाऊन उभं राहणं मला प्रशस्त वाटेना. परत बसलो.

ठीक दोन वाजता खोली मिळाली. वक्तशीरपणाला तोड नाही. बारावा मजला, चादरी स्वच्छ, उशी मध्यम. खिडकीतून बस थांबा दिसतो. मी वर पोचेपर्यंत सौ.च्या खांद्यावर हात ठेवून ताई तिथपर्यंत गेली होती. बस आली, पायरी उंच होती, ताईला तीनदा प्रयत्न करावा लागला. मी खिडकी उघडायला गेलो, पण इथल्या खिडक्या उघडत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

सौ. वर आली तेव्हा तिच्या हातात एक चिठ्ठी होती. “बाहेरचं खाणं आत आणायला बंदी आहे म्हणाले. डबा ठेवून घेतलाय खाली. निघताना घ्या.”

“काय होतं डब्यात?”

“आमचं आम्ही खाल्लं. वरचा कप्पा तुमच्यासाठी वेगळा ठेवला होता त्यांनी. उघडू दिला नाही मला.”

निघताना खाली सामान ठेवून घेणाऱ्या खिडकीवर ‘कर्मचारी जेवणास गेले आहेत’ अशी पाटी होती. बेवारस वस्तू तीस दिवस सांभाळून ठेवतात असं कळलं. चिठ्ठी माझ्या खिशात आहे, नंबर सतरा.

विमानतळावरून ताईला फोन केला.

“हॉटेल छान निवडलंस हो,” ती म्हणाली. “काचा कशा लखलखीत! आणि तू दिसलास ना मला. हात हलवलास, जिवाला बरं वाटलं बघ. थोडा जाड झालायस. टाय मात्र शोभतो तुला.”

सौ. माझ्याकडे बघत होती.

“हो ताई,” मी म्हणालो. “मीच होतो.”

जन्मात केलेली ही माझी पहिली खोटी नोंद. विमानात मला रडू आलं, बराच वेळ आवरलं नाही. परंतु त्याचा हॉटेलशी काही संबंध नसल्याने तारा कापलेला नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला दारातूनच परत पाठवलं. अप्रतिम सुरक्षा. पाच तारे.

पुरवणी: वरील शेरा प्रसिद्ध होऊन तीन आठवडे झाले. आजवर एक हजार दोनशे सहा प्रवाशांना तो उपयुक्त वाटला, त्याबद्दल आभार. अनेकांनी खाली प्रश्नही विचारले आहेत. ताईचं पुढे काय झालं, डबा मिळाला का, असं एकानेही विचारलेलं नाही. सर्वांची शंका एकच आहे आणि ती आपल्याही मनात असणार, म्हणून सांगून ठेवतो. नाश्ता भाड्यात धरलेला आहे, पण साडेदहाला बंद होतो.