डाव्या बगलेची मोजणी

सन १९८३च्या नोव्हेंबरात पुण्यातील एका मोजणी कार्यालयाचा फुटबॉल संघ वाहतूक सेवेच्या संघाकडून एक विरुद्ध शून्य असा हरला. ही बाब गंभीर नव्हती. कार्यालय त्याआधीही हरले होते आणि हरल्याच्या नोंदीसाठी वेगळी फाइल होती. गंभीर बाब अशी, की गोल नेमका कोणाच्या जागेतून झाला हे कोणालाच सांगता येईना. जिल्ह्यातल्या प्रत्येक बांधाची, विहिरीची आणि भांडणाची जागा इंचापर्यंत सांगणाऱ्या कार्यालयाला हे शोभणारे नव्हते.

गोल डाव्या बगलेवरून झाला, एवढे सर्वांना मान्य होते. तिथे फुलबॅक म्हणून धायरीचा जयसिंग चरवड खेळत होता. कार्यालयात तो मोजणीची साखळी ओढायचा. चांगला खेळतो म्हणून त्याला घेतले होते आणि हंगामी म्हणून ठेवले होते, त्याला आता तीन वर्षे होत आली होती. वर्षअखेरीस त्याला कायम करायचे की घरी पाठवायचे, हे अधीक्षक यज्ञेश्वर मेहेंदळे यांच्या एका शेऱ्यावर ठरणार होते. घरी त्याची आई सोजरबाई त्या शेऱ्याची वाट जयसिंगपेक्षा जास्त पाहत होती. मुलगी पाहून झाली होती, पसंत होती, आणि मुलीकडच्यांनी दोनदा निरोप पाठवला होता की पोरगा कायम झाला की तारीख काढू.

समोरचा उजवा विंगर भैरू सातव स्वारगेटच्या डेपोत कंडक्टर होता. बस सुटल्यावरच चहा संपवायची त्याला सवय होती. त्यामुळे सुटलेली बस पळत जाऊन पकडणे हा त्याचा रोजचा सराव, आणि बसच्या मानाने जयसिंग फार रुंद नव्हता.

तरीही त्या दिवशी जयसिंग बरोबर उभा होता. भैरूपासून दोन हात लांब, अंग तिरके, आतली वाट अडवलेली. भैरू दोनदा आला आणि दोनदा रेषेबाहेर गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मेहेंदळेसाहेब रेषेबाहेरच्या आपल्या खुर्चीतून म्हणाले, "अहो चरवड, नुसते बघत काय उभे राहता? जा ना त्याच्या अंगावर." हंगामी माणूस अधीक्षकांचा शब्द प्रलंबित ठेवत नाही. जयसिंग गेला. भैरूने चेंडू त्याच्या एका बाजूने ढकलला, स्वतः दुसऱ्या बाजूने गेला, आणि दोघे पुढे जाऊन भेटले.

सोमवारी जयसिंगला खुलासा मागणारे पत्र मिळाले. बचावपटूची नेमकी जागा कोणती आणि घटनेच्या वेळी तो त्या जागेवर होता काय, असे दोन प्रश्न होते. खुलासा आप्पासाहेब टिळेकरांनी सांगितला आणि जयसिंगने लिहून घेतला. आप्पासाहेब याच कार्यालयातून निवृत्त झालेले, वीस वर्षे फुलबॅक खेळलेले, आणि आता संघ तयार करणारे. त्यांनी सांगितले, की चेंडू पलीकडच्या बाजूला असेल तर फुलबॅकने आत सरकावे, विंगरकडे आला तर बाहेर यावे. विंगर जितका वेगवान, तितके अंतर जास्त ठेवावे. त्याला रेषेकडची वाट द्यावी, गोलाकडची देऊ नये. झेप घेऊ नये, मागे मागे सरत राहावे आणि त्याच्या हातून चूक होण्याची वाट पाहावी. थोडक्यात, जागा परिस्थितीनुसार ठरते.

मुख्य लिपिक सुनीती भाटे यांनी खुलाशावर टिप्पणी लिहिली: "'परिस्थितीनुसार' या नावाची जागा कार्यालयाच्या कोणत्याही नकाशात आढळून येत नाही. आदेशार्थ सादर."

साहेबांनी जयसिंगला बोलावून घेतले.

"चरवड, तुमची जागा कोणती?"

"चेंडू कुठं हाय त्यावर हाय, साहेब."

"म्हणजे चेंडू हलला की तुमची जागा हलते?"

"व्हय, साहेब."

"उद्या शेतकरी सांगत येईल, पाऊस पडला की माझा बांध हलतो. त्याला काय सांगायचे, ते सांगा."

साहेबांनी फाइलवर लिहिले, 'जागेची मोजणी व्हावी.'

मोजणीला लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागते. लगत कोण, तर एका बाजूला सेंटर हाफ आणि पुढे लेफ्ट हाफ. दोघेही जयसिंगच्या शेजारच्याच टेबलांवर बसत. त्यांना पंधरा दिवसांच्या मुदतीच्या नोटिसा टपालाने गेल्या. सेंटर हाफची नोटीस घराला कुलूप असल्याने परत आली, कारण तो कार्यालयात होता. ती त्याच्या दाराला चिकटवून बजावण्यात आली.

ठरल्या दिवशी येरवड्याच्या मैदानावर साखळी पडली. ती ओढणारा दुसरा कोणी नसल्याने स्वतःची जागा जयसिंगनेच मोजली. सरावाच्या सामन्यात तो एकूण एक्केचाळीस ठिकाणी उभा असलेला आढळला. एका माणसाच्या नावावर एक्केचाळीस जागा ठेवणे कायद्यात बसत नसल्याने त्यांचा मध्य काढण्यात आला. तो गोलरेषेपासून बावन्न फुटांवर आणि बाजूच्या रेषेपासून तीस फुटांवर पडला. तिथे तीन फूट त्रिज्येचे वर्तुळ चुन्याच्या फक्कीने आखले, आणि मध्यंतरानंतर बाजू बदलतात म्हणून पलीकडच्या अर्ध्यातही तसेच. त्या वर्तुळाबाहेर पाय पडल्यास ते अतिक्रमण समजावे, असा आदेश निघाला. मात्र कार्यालयाची भूमिका ताठर नव्हती. वर्तुळाबाहेर जाण्याची खरोखर गरज भासल्यास फुलबॅकने बाजूच्या रेषेवर टेबल टाकून बसलेल्या सुनीतीबाईंकडे तीन प्रतींत अर्ज करावा, त्यावर त्याच दिवशी विचार होईल, अशी सोय ठेवली होती.

अर्ज द्यायला टेबलापर्यंत कसे जायचे, असे आप्पासाहेबांनी विचारले. बाईंनी डोळे वर न करता सांगितले की त्यासाठी वेगळा अर्ज आहे.

त्यानंतर बाईंच्याच लक्षात एक त्रुटी आली. त्या जागेशी ज्याचा सर्वांत जास्त संबंध येतो, त्या भैरू सातवला कोणी नोटीसच दिली नव्हती. उद्या त्याने हरकत घेतली तर सगळी मोजणी पुन्हा करावी लागली असती. शिपाई तीन दिवस स्वारगेटला गेला, पण भैरू प्रत्येक वेळी नुकताच पळत बस पकडून गेलेला असायचा. चौथ्या दिवशी बस बंद पडली आणि नोटीस बजावली गेली. भैरूने ती शांतपणे वाचली, हरकत नाही असे लिहून दिले, आणि नकाशाची नक्कल मिळावी म्हणून तिथेच अर्ज केला. हितसंबंधिताला नक्कल नाकारता येत नाही. लोकांना ती दोन-दोन वर्षे मिळत नाही, पण भैरूला दुसऱ्या दिवशी मिळाली, कारण साहेबांना ही फाइल कार्यालयांच्या स्पर्धेतल्या उपांत्य सामन्याआधी पूर्ण झालेली हवी होती.

सामन्याच्या सकाळी साहेबांनी जयसिंगला बाजूला घेऊन समजावले. त्यांच्या मनात त्याच्याविषयी वाईट काही नव्हते. गोल होतील न होतील, त्याची जबाबदारी त्याच्यावर नाही, त्याने फक्त वर्तुळात राहावे. राहिला, तर संध्याकाळी शेरा 'समाधानकारक' असा पडेल आणि महिन्याभरात आदेश निघेल. जयसिंगने मान डोलावली. सोजरबाईंनी त्या दिवशी डब्यात शिरा दिला होता.

उपांत्य सामना पुन्हा वाहतूक सेवेशीच होता. भैरूने नक्कल घडी करून मोज्यात ठेवली होती. नवव्या मिनिटाला तो वर्तुळापासून सहा फुटांवरून बाहेरून गेला आणि गोल केला. तेविसाव्या मिनिटाला गोलाकडच्या बाजूने गेला आणि दुसरा केला. दोन्ही वेळा जयसिंग चुन्याच्या कडेवर चवड्यांवर उभा राहून पाहत राहिला. जाताना भैरू म्हणाला, "गड्या, तुझा नकाशा लई सुबक हाय."

मध्यंतरात साहेब प्रसन्न होते. दोन्ही गोल ज्या जागेतून झाले ती जागा कार्यालयाच्या ताब्यात नव्हती, हे नकाशावरून सिद्ध करता येत होते. आप्पासाहेबांनी जयसिंगच्या बुटांवरचा चुना रुमालाने पुसला आणि रुमाल झटकून खिशात ठेवला.

उत्तरार्धात कार्यालयाने तीन गोल केले. हे कसे झाले, याचा शोध पुढे घेण्यात आला, तेव्हा एवढेच निष्पन्न झाले की आघाडीच्या खेळाडूंची जागा मोजायची राहून गेली होती.

शेवटचे मिनिट उरले. तीन विरुद्ध दोन. भैरूला मैदानाच्या मध्याशी चेंडू मिळाला आणि तो निघाला. सेंटर हाफ पुढे अडकला होता. भैरू आणि गोल यांच्यामध्ये एक गोलकीपर, एक वर्तुळ आणि वर्तुळात जयसिंग एवढेच होते. जयसिंगने टेबलाकडे पाहिले. बाईंच्या हातात पेन होते. त्याने खुर्चीकडे पाहिले. साहेब अर्धवट उठले होते.

जयसिंग वर्तुळातून बाहेर पडला.

पुढचे सगळे आठ-दहा सेकंदांचे. तो भैरूच्या अंगावर गेला नाही. मागे मागे सरत राहिला, तिरका, दोन हात अंतर राखून, आतली वाट बंद करून. भैरूने खांदा आत टाकला, जयसिंग फसला नाही. भैरूने वेग वाढवला, जयसिंगने अंतर वाढवले. रेषेकडची वाट मोकळी होती, भैरू तिथे गेला, आणि कोपऱ्याचे निशाण जवळ आले तसे मैदान संपू लागले. चेंडू पायापासून एक वीत जास्त सुटला. तेवढ्यात जयसिंगने तो अलगद काढून घेतला, भैरूला धक्काही न लावता. शिट्टी वाजली. मैदानावर साठ-सत्तर माणसे होती, ती सगळी उठून टाळ्या वाजवत होती. साहेबही वाजवत होते. भैरूने येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

टाळ्या थांबल्यावर सुनीतीबाईंनी घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली.

साहेब दोन दिवस बेचैन होते. त्यांनी बाईंना विचारले की जिंकलो आहोत, तर हे सोडून देता येणार नाही का. बाई म्हणाल्या की जिंकल्याची फाइल वेगळी आहे, अतिक्रमणाची वेगळी. शिवाय नोंद कायम शाईत झाली आहे.

पंचनाम्याला पाच पंच लागतात. कार्यालयातले चालत नाहीत, ते हितसंबंधित. बाहेरच्यांतून चार मिळाले: एक शेंगदाणेवाला, येरवड्याचे एक निवृत्त मास्तर, मैदानाचा राखणदार आणि हरकत नाही असे लिहून दिल्याने आता हितसंबंधित न उरलेला भैरू सातव. चौघेही जयसिंगबद्दल भरभरून बोलले. मास्तर म्हणाले की असा बचाव त्यांनी आयुष्यात पाहिला नाही. भैरूने तर सांगितले की आपण असतो तर याला कालच कायम केला असता. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि प्रत्येकाला छापील प्रश्न विचारला: सदर इसम वर्तुळाबाहेर गेला होता काय? चौघेही प्रामाणिक होते. चौघांनी होय म्हणून सही केली.

जयसिंग दारात उभा होता. शेवटी त्याने विचारले, "बाई, पाचवा गावलाच न्हाई तर?"

"तर पंचनामा अपूर्ण राहतो. अपूर्ण पंचनाम्यावर कारवाई होत नाही. तुम्ही कायम व्हाल, चरवड."

"आन् गावला तर?"

"तर नाही होणार."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. पाचवा पंच कसा असावा, ते नियमात स्पष्ट आहे. तो सज्ञान असावा, त्याला लिहिता-वाचता यावे, कोणत्याही बाजूशी त्याचे नाते नसावे, आणि घडलेला प्रकार त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्येच उठून न जाता, पाहिलेला असावा. असा माणूस शोधायला बाईंना फार लांब जावे लागले नाही. त्यांनी कागद तुमच्यासमोर ठेवला आहे आणि पेनाचे टोपण काढले आहे. जयसिंगची बाजू तुम्हाला पटली आहे, हे त्यांना दिसते आहे, पण तसा प्रश्न छापलेला नाही. तो वर्तुळाबाहेर गेला होता की नाही, एवढेच सांगायचे आहे, आणि तुम्ही तर प्रामाणिक माणूस आहात.