भिंतीपलीकडची बॅटरी

केरळातल्या चेंगन्नूरच्या वर्कीला स्वतःच्या हातावर भारी भरवसा. इन्व्हर्टर घरात आला त्याच दिवशी त्याने बायकोला, साराम्माला, सांगून टाकलं, "वायरमन बोलवायचा नाही. केबली मीच करणार."

घाई होती ती अम्मचीसाठी. वर्कीची आई बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली. एप्रिलच्या उकाड्यात वीज गेली, पंखा थांबला, की तिच्या पाठीची नुसती आग व्हायची.

दुकानदाराने करंगळीएवढी वायर पुढे केली. वर्कीने ती मागे सारली. "बॅटरीतून करंट दांडगा ओढला जातो. ही तव्यासारखी तापेल. अंगठ्याएवढी जाड दे, आणि आत अस्सल तांबं हवं." यात तो शंभर टक्के बरोबर होता. म्हणून तर पुढचं सांगताना जरा वाईट वाटतं.

अम्मचीला बॅटरीचा वास नको होता. म्हणून बॅटरी मागच्या व्हरांड्यात, इन्व्हर्टर तिच्या खोलीत, मध्ये एक भिंत. केबल जितकी आखूड तितकी बरी, म्हणून वर्कीने अगदी मोजून तुकडे कापले. भिंतीला दोन भोकं पाडली, केबल जेमतेम सरकेल एवढीच. मग जेवणाच्या टेबलावर बसून त्याने टोकं सोलली, एकही तार न तुटू देता. प्रत्येक टोकावर बोल्टात अडकवायचा तांब्याचा रुंद लग चढवला, मोठ्या पकडीने दाबून बसवला. ओढून पाहिलं. तसूभर हलेना.

साराम्मा उकडलेल्या टॅपिओकाचा कप्पा आणि मासळीची कढी घेऊन टेबलापाशी उभी होती. "आधी हे बघ," वर्की म्हणाला. "कारखान्यातलं वाटतं की नाही?"

"वाटतं की. पण हे भोकातून जाणार कसं?"

वर्कीने लगाकडे पाहिलं. लग भोकाच्या दुप्पट, आणि दोन्ही टोकांना.

"एक टोक कापून पुन्हा लावा."

"आखूड पडेल."

"मग?"

"मग भोक वाढवू. त्यात काय एवढं."

छिन्नीच्या दुसऱ्या घावाला जुना जांभ्याचा चिरा डुगडुगला. तिसऱ्याला तो व्हरांड्यात कोसळला आणि शेजारच्यालाही सोबत घेऊन गेला. धूळ बसली तेव्हा भिंतीतून बकरी आरामात ये-जा करू शकली असती. साराम्मा झाडू आणायला गेली.

केबली जोडल्या, पंखा फिरला. वर्की पडल्या चेहऱ्याने सिमेंट कालवून आला. थापी उचलणार, तोच खाटेवरून आवाज आला.

"थांब जरा."

अम्मची कुशीवर वळून भगदाडातून अंगणाकडे बघत होती. "तो फणस मी लावलेला ना? एवढा वाढला?"

"फळं धरतोय आता," वर्की म्हणाला.

"मला कुणी सांगितलं नाही."

तेवढ्यात मागच्या दारी मासळीवाली आली. "शोशा, तारली ताजी आहे का गं?" अम्मची खोलीतूनच ओरडली. भिंतीतून आलेल्या हाकेने शोशाची टोपली पडता पडता राहिली. मग दोघींचं असं काही जमलं, की घमेल्यातलं सिमेंट कधी घट्ट झालं ते वर्कीला कळलंच नाही.

आता येईल त्या पाहुण्याला वर्की केबली दाखवायला घेऊन जातो. पाहुणे वाकून बघतात आणि म्हणतात, "वा, खिडकी छान काढलीत." आणि अम्मची म्हणते, "छानच आहे. त्या जाड्या वायरी तेवढ्या मध्ये येतात."