चूलबंद आवतन

सुरेंद्रनं आधी बोर्ड रंगवून घेतला आणि मग सॉफ्टवेअर लिहायला बसला. 'पुडका! एकच हुकूम, सगळे प्रोग्राम हजर!' ब्रह्मपुरीच्या बसस्टँडमागे, त्याच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारावर हा बोर्ड लागला तेव्हा पुडक्याची एक ओळही लिहून झाली नव्हती. साल होतं एकोणीसशे नव्व्याण्णव, आणि स्वतःबद्दल शंका घ्यायची सुरेंद्रला सवय नव्हती.

कल्पना मात्र झकास होती. त्या काळी एकेक प्रोग्राम फ्लॉप्या बदलत बसवावा लागे. बसला तरी चालेलच असं नाही, कारण त्याला लागणारा दुसराच कुठला तरी प्रोग्राम नेमका गायब! सुरेंद्रनं ठरवलं, प्रत्येक प्रोग्रामचं नीट पुडकं बांधायचं, त्यावर 'सोबत कोण पाहिजे' ते लिहायचं आणि सगळी पुडकी एका कॉम्प्युटरमध्ये साठवायची. या साठ्याचं नाव कोठी. गावातल्या कॉलेजच्या लॅबमधले दहा कॉम्प्युटर तारेनं कोठीला जोडले की झालं!

हे जमलं तर प्राचार्य लॅब त्याच्या ताब्यात देणार होते. नाही जमलं तर सासरे, इस्तारीभाऊ, त्याला गावच्या तलावावर मासेमारीला नेणार होते. क्लासमध्ये पोरं फिरकत नव्हती, म्हणून त्यांनी डोंगा तयारच ठेवला होता. आणि सुरेंद्रला डोंग्यात पाय ठेवला की ओकारी यायची! लग्नानंतर पहिल्यांदा तलावावर गेला तेव्हा त्यानं जे केलं, ते सासुरवाडी अजून विसरली नव्हती.

कोठी भरायचं काम बायकोकडे, रंजीताकडे आलं. नागपूरहून आणलेल्या सीड्या, लॅबच्या कॉम्प्युटरांतून दिसेल ते उचलून आणलेलं सामान, इतकंच काय, कॉम्प्युटर जिच्यावर चालतो ती मूळ सिस्टम आणि खुद्द पुडकासुद्धा! सगळ्यांची पुडकी बांधायची होती.

"सोबत कोण, इथी काय लिहू जी?" रंजीतानं विचारलं.

"लग्नाचं आवतन समज ना! एकाले बोलावलं, तं त्याच्यासंगं कोण आलं पाह्यजे, ते लिहाचं."

"मंग एका माणसाचं आवतन, का चूलबंद?"

चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी पाहुण्याच्या घरी चूल पेटवायचीच नाही. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. सुरेंद्र तेव्हा प्रोग्राम काढून टाकायचा भाग लिहिण्यात गढला होता. मान वर न करता तो म्हणाला, "चूलबंदच! कोणी राह्यला तं आपली इज्जत जाईन!"

रंजीतानं इज्जत राखली. घड्याळासोबत तिनं कॅलेंडर लिहिलं, कॅलेंडरसोबत पंचांग. ज्यानं आपल्याला बोलावलं त्याला उलट बोलावलं नाही तर बरं दिसतं का? म्हणून पंचांगासोबत परत घड्याळ! मग बुद्धिबळ रुसेल, टायपिंग रुसेल, म्हणून शेवटी प्रत्येकासोबत सगळेच! यजमान म्हणून पुडक्याचं नाव सगळ्यांत वर.

"आन् काढतानी कसं?"

"पंगतीसारखं! ज्याच्या भरवशावर बसले तो उठला, का सगळे उठले." आपल्या या नियमावर सुरेंद्र बेहद्द खूश होता. 'नक्की काढू का?' असं विचारणारा प्रश्न त्यानं मुद्दामच ठेवला नाही. असले प्रश्न भित्र्या लोकांना लागतात!

प्रात्यक्षिकाला इस्तारीभाऊ धुतलेलं धोतर नेसून आले. जावयाला घेऊनच जायचं, अशा तयारीनं. प्राचार्यांनी खुर्ची ओढली. "साधं एक घड्याळ बसवून दाखवा."

"एकच हुकूम, सर!" सुरेंद्रनं बटण दाबलं.

दहाही पडद्यांवर घड्याळ आलं. मग कॅलेंडर आलं. पंचांग, बुद्धिबळ, तेलुगू टायपिंग, विमान उडवायचा खेळ आणि हृदयाचे ठोके मोजायचं काहीतरी. कॉम्प्युटर घरघरायला लागले!

"मी घड्याळ मागितलं होतं," प्राचार्य म्हणाले.

"हे त्याच्या घरचे आहेत, सर!"

"मले तं हे वरातच दिसून राह्यली," इस्तारीभाऊ म्हणाले.

जागा संपली, तशी दहाही यंत्रं ठोंब्यासारखी उभी राहिली. सुरेंद्रच्या कपाळावर घाम आला, पण आवाज खणखणीत होता. "काही नाही सर, घड्याळ काढून टाकतो!"

घड्याळ उठलं. आणि पंगत उठली! टायपिंग गेलं, बुद्धिबळ गेलं, विमान गेलं. मूळ सिस्टम गेली. सगळ्यांना बोलावणारा यजमान पुडकाही पाठोपाठ गेला. दहा पडदे एकामागून एक काळे झाले, आणि कोपऱ्यातली कोठीसुद्धा!

सुरेंद्रला डोंगा दिसायला लागला. इस्तारीभाऊंनी जावयाची पिशवी उचलून काखेत घेतली.

तेवढ्यात लटारू शिपाई ओरडला, "सर! अक्षरं गळून नाई राह्यली!"

लॅबला वर्षभरापासून एक व्हायरस लागला होता. पडद्यावरची अक्षरं मोहाच्या फुलांसारखी टपटप खाली पडायची. चंद्रपूरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवालाही हात टेकून गेला होता. लॅबमधलं दिसेल ते उचलून आणताना सुरेंद्रनं त्या व्हायरसलाही आणलं होतं, आणि रंजीतानं त्यालाही घरचाच समजून आवतन दिलं होतं. पंगतीसोबत तोही उठला!

प्राचार्यांनी दहाही काळे पडदे फिरून तपासले. मग म्हणाले, "धानोऱ्यापर्यंत सगळ्यांच्या कॉम्प्युटरला हेच लागलंय. तुम्ही लॅब घ्या. फक्त काही बसवू नका."

इस्तारीभाऊंनी पिशवी खाली ठेवली. "आमी तलाव रिकामा कराले आठ-आठ दिवस पानी काढतो, जवाईबापू. तुमी तं बसल्या जागी काढून टाकलं!"

सुरेंद्रनं मान ताठ केली. हे असंच व्हायला पाहिजे होतं, असं तो अजूनही सांगतो. बोर्डही त्यानं उतरवला नाही. पेंटरकडून खाली एक ओळ वाढवून घेतली तेवढी.

'येथे कॉम्प्युटर रिकामे करून मिळतील.'