सुधारणा : निरंक

जी गोष्ट मुळात बिघडलेली नसते ती सुधारता येत नाही, आणि जी सुधारता येत नाही ती तक्त्यात बसत नाही. हे मूलतत्त्व जावक कारकुनाला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं, तेही पृथ्वीच्या तापमानामुळे.

त्याच्या कार्यालयाने पृथ्वी थंड करायचं मनावर घेतलं होतं. परिपत्रकानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या घरचा वीज-इंधनाचा वापर निम्म्यावर आणायचा होता. पहिला महिना मोजणीचा, दुसरा कपातीचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरेल ती सुधारणा. (परिपत्रक अकरा पानी होतं. कागद वाचवण्याचं कलम नजरचुकीने राहिल्यामुळे ते सर्वांना स्वतंत्र पाठवण्यात आलं.) ज्याची सुधारणा निरंक, त्याची बदली दूरच्या गोदामात.

कारकून सव्वीस वर्षं चालत कामावर येत होता. घरात पंखा एकच, टेबलावरचा. माणूस ज्या खोलीत जाईल तिथे तो मागोमाग जायचा. कपडा विरला की त्याचं फडकं व्हायचं, फडकं विरलं की पायपुसणं. पायपुसण्याच्या पुढची अवस्था अजून कोणी पाहिली नव्हती. अशा घरात निम्मं काय करणार? माणसंच तीन होती.

बदली तर परवडणारी नव्हती. रोज दुपारी एक वाजता घरी जाऊन तो आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचा. बायकोने प्रयत्न करून पाहिला होता. "माझा हात दिसला की त्यांचा डोळा मिटतो," ती म्हणायची. "इतक्या वर्षांत माझ्याकडे धड उघडला नाही, आता काय उघडणार!"

तो साहेबांना भेटला. साहेब सज्जन होते. त्यांच्या चार खोल्यांना पाच एसी होते (पाचवा जिन्यात), त्यामुळे त्यांना कपातीला भरपूर वाव होता.

"अहो, तुमच्याकडे कमी करण्यासारखं आहेच काय?" साहेब कळवळले. "असं करा, मोजणीच्या महिन्यात जरा वाढवा. चढल्याशिवाय उतरणार कसे?"

"पण साहेब, पृथ्वी..."

"तिचं पुढच्या महिन्यात बघू."

कारकून मुळात कामसू. त्याने मेव्हण्याची जुनी गाडी दारात आणवली. चालवता येत नसल्यामुळे ती जागेवरच चालू ठेवली. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन. भर दुपारी दिवे लागले. पाणी उकळायचं, निववायचं, पुन्हा उकळायचं. रुमालांना इस्त्री झाली, मोज्यांना झाली, शेवटी फडक्यांनाही झाली.

"अहो, ही काय थेरं चाललीत?" बायको म्हणाली.

"काटकसरीची तयारी."

आतून आईने हाक मारली. "अरे, मघापासून गाडी घुरघुरतेय. निघालायस कुठे?"

"कुठेच नाही, आई."

"मग बंद कर की मेल्या! धूर जातोय डोळ्यांत."

"एकच महिना, आई. तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

डॉक्टरांनी डोळे पाहिले आणि थेंब एकदाऐवजी चारदा घालायला सांगितले. कारकून आता कामावरून वरचेवर घरी येऊ लागला. चालत जमेना म्हणून भाड्याच्या गाडीने. (ही वाढ नियोजनात धरलेली नव्हती, परंतु तिने आकडा उठून दिसला.)

दुसऱ्या महिन्यात त्याने सगळं बंद केलं आणि तो पूर्वीसारखा राहू लागला. कपात ब्याण्णव टक्के! साहेबांची अठ्ठावन्न, त्यांचं कुटुंब महिनाभर परदेशी होतं, आणि विमानाचा धूर विमानवाल्यांच्या नावावर पडतो.

कारकून पहिला आला. त्याला मानपत्र मिळालं. आईने ते चाचपून पाहिलं. "कागद भारी आहे रे," ती म्हणाली. डाव्या डोळ्याने तिला आता काही दिसत नव्हतं.

मानपत्राला एक आदेश जोडलेला होता. आदर्श कर्मचाऱ्याने वर्षभर सर्व शाखांमध्ये फिरून आपली पद्धत समजावून सांगावी. ही बदली नव्हती, हा दौरा होता. बदलीविरुद्ध अर्ज करता येतो. गौरवाविरुद्ध अर्जाचा नमुना उपलब्ध नाही.

निघायच्या सकाळी बायको बाटली घेऊन सासूजवळ बसली.

"घाल बाई तूच," आई म्हणाली. "त्याला पृथ्वीचं बघायचंय." आणि तिने उजवा डोळा उघडा धरला.

यंदापासून तक्त्यात 'जागृती' हा नवा रकाना आला आहे. तापमानवाढीवरचा मजकूर शेवटपर्यंत वाचल्यास एक गुण, वाचताना हळहळल्यास आणखी अर्धा. तुमचे दीड गुण जमा झाले आहेत. या महिन्यात तुम्हाला आणखी काही करण्याची आवश्यकता नाही. शेजारच्या खोलीतला टीव्ही कोणी बघत नाही, तो चालूच असू द्या. पुढे कपातीला लागेल.