शिमोनभाऊंचा रविवार

शिमोनभाऊंच्या कोंबडीने रविवारी अंडं घातलं, तर सोमवारी सकाळी तिला दाणे मिळत नसत. देवाने कामाला सहा दिवस दिले असताना हिला सातव्याच दिवशी कसली घाई, असं ते अंगणात उकिडवे बसून तिला विचारत. कोंबडी मान वाकडी करून सगळं ऐकून घेई आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच करी. ते अंडं भाऊ स्वतः खात नसत, मिशनच्या दवाखान्यात नेऊन देत. तिथल्या रोग्यांना वाराची अडचण नव्हती.

मी तेव्हा मेहकरला तहसिलीत कारकून होतो. आमचं बिऱ्हाड मिशनच्या आवाराला लागून, मधे फक्त काटेरी कुंपण. पलीकडे भाऊंचं घर. भाऊ दमणी हाकत; दमणी म्हणजे आमच्या वऱ्हाडातली माणसं नेण्याची हलकी बैलगाडी. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. दोन बैल, ती कोंबडी आणि भिंतीवरचं एक घड्याळ, एवढाच परिवार. रविवारी घड्याळालाही किल्ली नसे, त्यामुळे सोमवारी सकाळी भाऊ कुंपणापाशी येऊन मला वेळ विचारत.

शनिवारी दिवस मावळायच्या आत त्यांचं पाणी भरून होई, भाकरी थापून होई, दाढीसुद्धा होई. रविवारी चूल नाही. शिळी भाकरी, कांदा आणि चर्च. एकदा एका बड्या देशमुखांच्या घरचं वऱ्हाड अडलं होतं, म्हणून खुद्द त्यांचा कारभारी दमणी मागायला आला. भाऊ खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. “वार पाहून बोला, बाप्पा,” म्हणाले आणि कूस बदलली. हे त्यांचं पालुपद होतं. ते कारभाऱ्याला तेच ऐकवत, ओरडणाऱ्या कावळ्यालाही तेच.

माझ्या पत्नीला भाऊ फार पटत. तिचे सोमवार, गुरुवार आणि महिन्याच्या दोन एकादश्या ठरलेल्या. धर्म वेगळे असले तरी दोघांचं शास्त्र एकच होतं. मला एकही वार धड पाळता येत नसे, त्यामुळे दोघंही माझ्याकडे सारख्याच कीवेने पाहत.

चर्चचे पाळकसाहेब नगरकडचे, मोठे हसतमुख गृहस्थ. त्यांनी एकदा भर उपदेशात सांगून टाकलं, की देव कोंबडीचा वार पाहत नाही, माणसाचं मन पाहतो. सगळं चर्च वळून भाऊंकडे बघायला लागलं म्हणे. भाऊ पहिल्या बाकावर ताठ बसून होते. संध्याकाळी कुंपणापाशी मला म्हणाले, “सायब बोल्ले ते खरंच हाय. पन मन दिसत नाई ना बाबूजी. वार दिसते.” मी खूप हसलो. आज ते हसणं आठवलं की चुटपुट लागते.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी माझ्या थोरल्या भावाचा गडी गावाहून चालत आला. आमचं गाव पैनगंगेपलीकडे चार-पाच कोसांवर. आईचं काही खरं नाही, सारखं तुमचं नाव घेते, म्हणाला. त्या बाजूला मोटर जात नव्हती. लग्नसराई असल्यामुळे गावात एक गाडी मोकळी नव्हती. मोकळी होती ती एकच, कुंपणापलीकडे. बैल निवांत रवंथ करत होते आणि भाऊ पांढरा कोट घालून चर्चला निघाले होते. पत्नी म्हणाली, त्यांना विचारू नका, नाही म्हणताना त्यांच्याच जिवाला लागेल. मलाही ते पटलं. गड्याला भाकरी खायला ठेवून मी छत्री घेतली आणि पायी निघालो.

नदीच्या उतारावर पोचलो तोच मागून घुंगरांचा आवाज आला. वळून पाहतो तर दमणी. भाऊंच्या अंगात चर्चचाच पांढरा कोट होता आणि हातात कासरा. “बसा. गड्यानं सांगतलं मले,” एवढंच म्हणाले. मागे चर्चची घंटा वाजत होती.

गाडी नदीपार झाली. मग मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, आज रविवार आहे.

“मालूम हाय मले,” ते म्हणाले. मग बैलांच्या शेपटांकडे पाहत, थांबत थांबत त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची आई जळगाव जामोदकडे राहायची. मुलगा ख्रिस्ती झाला, तिने आपला धर्म सोडला नाही; पण तुझा देव कोणताही असो, जेवायला घरी येत जा, एवढंच तिचं मागणं. ती आजारी असल्याचा निरोप आला तो रविवारी.

“खामगावची मोटर समोर उभी होती, बाबूजी. म्या म्हनलं, आज रविवार हाय, उद्या निघतो.” त्यांनी कासरा उगाच आवळला आणि पुन्हा सैल सोडला. “जाऊन पाह्यलं तं सारं आटपलं होतं. शेजारीन म्हने, तुही वाट पाहाले तिनं खाट दारातच टाकाले लावली होती.”

त्यानंतरच त्यांचा रविवार इतका कडक झाला. मी विचारण्याआधीच त्यांनी कारण सांगितलं. “आता रविवार सैल केला, तं मंग त्या दिवशी मी काऊन थांबलो, याचा जवाब कोनाले देऊ?”

 मला कोंबडीचे ते बंद झालेले दाणे आठवले.

घरी पोचलो तेव्हा आई होती. तिने मला ओळखलं. तुला कोणी आणलं, म्हणून विचारलं. भाऊ अंगणात बैलांना पाणी पाजत होते. उंबऱ्याच्या आत यायला ते धजत नव्हते आणि आमच्या घरात तशी रीतही नव्हती. पण आईनेच त्यांना आत बोलावलं. सारा जन्म सोवळ्यात गेलेली माझी आई, तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि क्षीण आवाजात विचारलं, “जेवला का रे?” भाऊ खाटेच्या कडेवर डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. शेवटपर्यंत मी तिच्याजवळ होतो. ते भाग्य मला शिमोनभाऊंनी दिलं.

दिवस करून मेहकरला परतलो तो रविवारच होता. पत्नीने सांगितलं, की भाऊ आता पहिल्या बाकावर बसत नाहीत, मागे दाराशी बसतात. प्रभुभोजनाची भाकरी घ्यायला पाळकसाहेबांनी स्वतः हात धरला तरी उठले नाहीत. रविवारी बैल जुंपले, त्याचं प्रायश्चित्त घेताहेत, असं सगळी आळी म्हणत होती.

मी तसाच कुंपण ओलांडून गेलो. भाऊ उकिडवे बसून कोंबडीपुढे दाणे टाकत होते. शेजारी टोपलीत त्याच दिवशीचं अंडं होतं. मी म्हटलं, भाऊ, माझ्यापायी तुमचा रविवार मोडला आणि तुम्ही मागे जाऊन बसलात.

त्यांनी हातातले उरलेले दाणे टाकले आणि मान हलवली.

“तो मोडला म्हून नाई बसलो, बाबूजी,” ते म्हणाले. “पहिले एक पाळला होता, म्हून बसलो.”